भिंतीचा जावई

गेली बारा वर्षं मी माझ्या नवऱ्याला पाठमोरी शिव्या देत आले आहे. समोरून कधीच नाही. तोंड शेगडीकडे, पाठ त्यांच्याकडे, आणि तोंडाचा पट्टा सुरू. तुमच्या आईने काय खाऊन तुम्हाला जन्माला घातलं इथपासून ते ओला टॉवेल गादीवर का टाकला इथपर्यंत सगळं. आमचे हे मागे खुर्चीत बसून निवांत जेवत असतात. एक अक्षर त्यांच्यापर्यंत पोचत नाही. माझा राग निघून जातो, त्यांचं पोट भरतं, भांडण काही होत नाही. असा सुखाचा संसार किती बायकांच्या नशिबी असतो, विचारा.

ह्यांना ऐकू येत नाही ही गोष्ट आम्हा दोघांनाच माहीत होती. मुलीला वाटायचं, बाबांचं वय झालंय, लक्ष नसतं. शेजाऱ्यांना वाटायचं, माणूस गर्विष्ठ आहे, हाक मारली तरी वळून बघत नाही. वाटू दे म्हटलं.

बावीस वर्षं ह्यांनी ब्रेकर धरला. काँक्रीट फोडायचं यंत्र असतं ते, पोटाशी दाबून चालवायचं. ते सुरू झालं की शेजारच्या घरातल्या कपबशा नाचतात, आणि ज्याने धरलंय तो संध्याकाळी घरी आला तरी त्याचे हात थरथरत असतात. कानात काय घालायचं? चिंधी. कंपनीने एकदा कानावर लावायचे मोठे पिवळे डबे आणले होते. सगळ्यांना घालून फोटो काढला आणि संध्याकाळी परत गोळा केले. आधी ह्यांची बोटं गेली. सुई टोचली तरी कळायचं नाही. मग कान. पहिल्यांदा बारीक आवाज गेले, दाराची बेल, कुकरची शिट्टी, मुलगी लहान होती तेव्हा तिचं रडणं. सगळ्यात शेवटी मी गेले, कारण माझा आवाज मुळातच जाडाभरडा.

ओठ वाचायला मी शिकवलं. शिकवलं कसलं, समोर बसून सावकाश भांडले. सहा महिन्यांत ते इतके तयार झाले की एकदा सांगितलं की झालं, दुसऱ्यांदा सांगायची गरजच नाही. ऐकणारी माणसं 'काय? काय म्हणालीस?' करत बसतात. ह्यांनी मला कधी 'परत सांग' म्हटलं नाही.

लपवलं का, तर त्यालाही कारण आहे. आधीच्या साइटवर सळया वाकवणारा एक जण होता. मागून गाडी आली ती त्याला ऐकू आली नाही. लागलं काहीच नाही, डोक्यावरची टोपी तेवढी पडली. त्याच दुपारी त्याला गेटबाहेर काढला. बहिरा माणूस साइटवर नको, उद्या मेला तर आमच्या गळ्यात. ह्यांनी घरी येऊन मला हे सांगितलं, आणि त्या दिवसापासून आम्ही दोघांनी तोंडाला कुलूप लावलं. पंचावन्न वर्षांचा माणूस, बोटं मेलेली, गुडघे गेलेले. ही नोकरी गेली तर दुसरी कोण देणार होतं?

मग ही नवी साइट आली. राहत्या इमारतीला अगदी खेटून. एवढी की समोरच्या बाल्कनीत वाळत घातलेले कपडे इकडून हाताने काढता आले असते. तिथले रहिवासी म्हणजे नुसते विंचू. पहिल्याच महिन्यात अर्ज केले, गेटसमोर खुर्च्या टाकून बसले, गाड्या अडवल्या. आता कुणी म्हणेल, त्यांचं चुकलं काय? चुकलं नसेल. पण ज्याने यंत्र धरलंय त्याच्या कानाचं काय, हे त्यातल्या एकानेही विचारलं नाही. त्यांची दुपारची झोप मोडली की अर्ज. आमचे कान फुटले की काही नाही.

शेवटी वरून हुकूम आला. काम नऊ ते सहाच. आवाज कमी ठेवायचा. त्यासाठी एक माणूस वेगळा नेमायचा, त्याने रोज इमारतीपाशी जाऊन आवाज तपासायचा, वहीत लिहायचा आणि खाली एका रहिवाशाची सही घ्यायची.

साइटचा सुपरवायझर म्हणजे तिशीचा पोरगा, बुटाला माती लागली तर जीव जाईल असा. त्याने नेमलेला पहिला माणूस रहिवाशांशी हाणामारीवर आला. दुसरा तिसऱ्या दिवशी पळून गेला. मग एके सकाळी तिसऱ्या मजल्यावरची बाई खाली उतरली. हिला मी नाव ठेवलं होतं 'तिसरा मजला'. चष्मा, आखूड केस, आणि जिभेला हाड नाही. गेटपाशी योगायोगाने आमचे हे उभे होते, त्यांच्यावर तुटून पडली. पंधरा मिनिटं बोलत होती म्हणे. ह्यांनी तिच्या तोंडावरची नजर हलवली नाही. मान डोलावत राहिले, आणि तिचं संपल्यावर म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, बाई." ती दमली आणि वर निघून गेली.

सुपरवायझरने हे सगळं खिडकीतून पाहिलं. दुसऱ्या दिवशी आवाज तपासायचं काम ह्यांना.

मला सांगितलं तेव्हा मी आधी हसले. पोट धरून हसले. मग त्यांना खुर्चीत बसवलं. "वेड लागलंय का तुम्हाला?" मी समोर बसून म्हटलं. "उद्या कुणीतरी विचारेल, आत्ता आवाज किती आहे? काय सांगाल?"

"ब्रेकर आता धरवत नाही," ते म्हणाले. "हे नाही म्हटलं तर घरी बसायचं."

आणि खरं सांगते, त्यांनी ते काम असं केलं की ऐकणाऱ्यांनी शरमेने मान खाली घालावी. बोटांना काही कळत नव्हतं, म्हणून ते भिंतीला गाल लावायचे. इमारतीच्या भिंतीला गाल आणि जबडा टेकवून, डोळे मिटून उभे राहायचे. कुठलं यंत्र हलवतंय, किती हलवतंय, ते हाडात कळायचं. जनरेटरखाली त्यांनी जुने टायर कापून घातले. मिक्सर उचलून सिमेंटच्या गोदामाच्या मागे नेला. पाइप गाडीतून धाडकन टाकायचे ते बंद, दोरीने वाळूवर सोडायचे. ब्रेकरच्या वेळा ठरवून गेटवर फळा लावला, दहा ते बारा आणि तीन ते पाच, म्हणजे ज्याला झोपायचं त्याने मधे झोपावं. गाडी उभी राहिली की इंजिन बंद. एका ड्रायव्हरने ऐकलं नाही, तर हे गाडीसमोर जाऊन बसले. साइटवरची पोरं हसायची. रोज भिंतीला गाल लावतात म्हणून त्यांनी नाव पाडलं, भिंतीचा जावई. 'जावईबापू आले, जनरेटर हळू करा रे.' मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. भिंतीचा जावई, म्हणजे मी विटांची लेक की काय!

एक आधार होता, तो माझा. रोज दुपारी मी डबा घेऊन जायचे आणि डब्याबरोबर माझे कान जायचे. आम्ही दोघं इमारतीच्या कडेने एक फेरी मारायचो. मी त्यांच्या दंडावर टिचकी मारायची. एक टिचकी म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे आवाज फार आहे, बघा. तीन म्हणजे कुणीतरी तुमच्याशी बोलतंय, इकडे वळा. लोकांना वाटायचं, म्हातारपणी काय प्रेम उतू चाललंय. दोन महिन्यांत वहीत रहिवाशांच्या सह्या पडायला लागल्या. तळमजल्यावरच्या आजोबांनी तर एकदा 'धन्यवाद' लिहिलं. तिसऱ्या मजल्यानेही सही केली, तोंड वाकडं करून का होईना.

मग मुलीचं बाळंतपण आलं आणि मी तेरा दिवस तिच्या गावी गेले. जाताना ह्यांना म्हटलं, सांभाळा. म्हणाले, "भिंत आहे ना."

मी गेले त्याच दिवशी इमारतीच्या बाजूला सळया कापायचा कटर बसवला. नऊ ते एक. त्याची गंमत अशी की तो किंचाळतो, पण हलवत काहीच नाही. जमीन नाही, भिंत नाही. आमच्या ब्रेकरवाल्यांत कटरला पिपाणी म्हणतात, त्याला कुणी आवाज समजतच नाही. जे जमीन हलवत नाही ते कसलं यंत्र, असा त्यांचा माज. आणि त्या बारीक आवाजाला ह्यांचे कान तर सगळ्यांत आधी मेलेले. हे रोज तिथे जायचे, ठिणग्या उडताना बघायचे, भिंतीला गाल लावायचे. भिंत शांत. वहीत लिहायचे, 'आवाज नाही.' सही मागच्या बाजूच्या तळमजल्यावरच्या आजोबांची. तेरा दिवस.

मी परतले त्या संध्याकाळी ह्यांनी बाळाचंही विचारलं नाही. शनिवारी अकराला साइटच्या ऑफिसात बोलावलंय म्हणाले, तिसऱ्या मजल्याने तक्रार केलीय. "कसली?" "मी कंपनीला सामील आहे. खोटं लिहितो." ताटातली भाजी चिवडत बसले होते. बावीस वर्षांत ह्या माणसाने साइटवरचा खिळा घरी आणला नाही. मी म्हटलं, मी येणार.

साइटचं ऑफिस म्हणजे पत्र्याचा डबा. आत एक टेबल, चार खुर्च्या, एक पंखा. सुपरवायझर टेबलामागे. समोर तिसरा मजला, मांडीवर पर्स, पर्सवर मोबाइल. आमचे हे टेबलाच्या कडेला, टोपी हातात. मला कुणी बस म्हटलं नाही. मी त्यांच्या मागे, दाराला टेकून उभी राहिले.

"माझं काम फोनवर चालतं," तिसरा मजला सांगत होती. "दिवसभर लोकांच्या तक्रारी घ्यायच्या. समोरचा माणूस मला विचारतो, तुमच्या घरात काय कापताय? दोनदा मला ताकीद मिळाली. तिसऱ्यांदा मिळाली की मी घरी. फोन सोडून खाली येता येत नाही, म्हणून मी खिडकीतून ओरडते. आणि हा माणूस वर बघून हात हलवतो! हसतो!"

तिचीही नोकरी होती म्हणे. असेल.

सुपरवायझर ह्यांच्याकडे वळला. "काका, कटर चालू होता का?"

"होता की," हे म्हणाले.

"मग वहीत 'आवाज नाही' कसं?"

"नाहीच आवाज. मी रोज गाल लावून बघतो. भिंतीला काहीच नसतं."

"बघा," ती म्हणाली. "थट्टा करतोय."

ह्यांना तिचे ओठ दिसत होते. मला त्यांचे कान लाल झालेले मागून दिसले. "मी खोटं लिहीत नाही, बाई," ते म्हणाले.

"नाही ना? मग ऐका. घरातून, खिडक्या बंद करून घेतलंय हे." तिने मोबाइल टेबलावर ठेवला आणि बोट दाबलं.

देवा. त्या पत्र्याच्या डब्यात तो कटर असा किंचाळला की माझे दात शिवशिवले. सुपरवायझरने दोन्ही हात कानांवर नेले. तिने स्वतः मान फिरवली. मीही कान झाकले, आणि झाकता झाकता मला कळलं की संपलं. कारण हे तसेच उभे होते. मोबाइलकडे बघत, अदबीने, जरासं हसत. ते वाट बघत होते.

"लावा की," ते म्हणाले. "ऐकू द्या."

कटर चालूच होता.

मला वाटलं, आत्ता पुढे व्हावं, दंडावर तीन टिचक्या माराव्यात, त्यांचं तोंड माझ्याकडे वळवावं. माझे हात कानांवरून निघेनात. तिसरा मजला उठली. चेहरा पांढरा पडलेला. तिने ती वही उचलली आणि ह्यांच्या छातीवर फेकली. पानं सुटली, जमिनीवर पसरली. "खोटारडा," ती म्हणाली. "वर तोंड करून थट्टा करणारा खोटारडा."

हे वाकले आणि पानं गोळा करायला लागले.

सुपरवायझरने मोबाइल बंद केला. त्याला जेवायला जायचं होतं, असं मला वाटतं. म्हणाला, "बाई, शांत व्हा. कटर आजच मागच्या बाजूला नेतो. काकांना मी समज देतो. विषय संपला." हे मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघत होते, मग परत पानांकडे वळले.

ऐकलंत? विषय संपला होता. समज देतो म्हणाला होता, त्याहून जास्त काही नाही. कटर मागे जाणार होता, वही पुन्हा शिवता आली असती, सोमवारी मी डबा घेऊन गेले असते आणि एक टिचकी मारली असती. मी फक्त गप्प बसायचं होतं. इतकी वर्षं बसले होते, अजून पाच मिनिटं बसायचं होतं.

पण ती पर्स उचलता उचलता म्हणाली, "समज कसली देता? खोटारडा तो खोटारडाच. असल्या माणसाच्या घरचेही तसलेच असतात."

"ऐकू येत नाही त्यांना!" मी ओरडले. "बहिरे आहेत ते! ठार बहिरे! तुमच्यासारख्यांच्या इमारती फोडून बांधून बहिरे झालेत! त्या माणसाच्या पायाशी बसायची लायकी नाही तुझी, आणि खोटारडा म्हणतेस?"

अजून बरंच बोलले. काय बोलले ते आठवत नाही. थांबले तेव्हा पंखा फिरत होता आणि ते दोघं माझ्याकडे बघत नव्हते. ते खाली बघत होते, ह्यांच्याकडे. हे जमिनीवर गुडघे टेकून पानं जुळवत होते. माझ्याकडे पाठ होती. त्यांना त्यातलं काहीही पोचलं नव्हतं.

पानं नीट करून ते उठले. बघतात तर सगळ्यांची नजर आपल्यावर. त्यांनी दोघांच्या तोंडांकडे पाहिलं, ओठ कुणाचेच हलत नव्हते. मग वही टेबलावर ठेवली आणि मान डोलावत तिसऱ्या मजल्याला म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, बाई."

ती खाली बसली. "मला आधी का नाही सांगितलं?" असं काहीतरी खाली मान घालून पुटपुटली. तुला कशाला सांगू, तू कोण? मी तोंडावर हेच म्हटलं.

सुपरवायझर माझ्याशी बोलायला लागला. ह्यांच्याशी नाही, माझ्याशी. उठून दारापाशी आला, ह्यांच्याकडे पाठ करून, जसं ते तिथे नव्हतेच. म्हणाला, "मावशी, माझाही नाइलाज आहे. आवाजाच्या कामावर बहिरा माणूस ठेवला हे वर कळलं तर माझी नोकरी जाईल. सोमवारपासून त्यांना येऊ नका म्हणावं. तुम्हीच सांगा त्यांना. तुमचं ऐकतील." आणि मग 'ऐकतील' म्हटल्याची त्यालाच लाज वाटली, तोंड फिरवलं.

आता त्या जागेवर एक चांगल्या कानांचा पोरगा आहे. कानांत गाण्याच्या वायरी घालून बसतो. जनरेटरखालचे टायर कुणीतरी नेले, मिक्सर परत पुढे आला. तिसऱ्या मजल्याने दोनदा निरोप पाठवला की मी वर अर्ज करते, त्यांना परत बोलवायला लावते. निरोप घेऊन आलेल्या बाईला मी दारातूनच घालवलं. तुझे अर्ज तुलाच लखलाभ. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी आम्ही चालत घरी आलो. हे खुशीत होते. रस्त्याच्या कडेने जाताना मला कोपराने ढोसून म्हणाले, "चांगलं सुनावलंस ना तिला? मी तिचं तोंड बघितलं. पार उतरलं होतं." मी चालायचा वेग वाढवला. "कटर मागे नेतोय म्हणे. मी त्याखालीही टायर घालतो सोमवारी." मी समोर बघून चालत राहिले. तोंड त्यांना दिसू दिलं नाही.

घरी आल्यावर मी शेगडीकडे तोंड केलं. भाजी फोडणीला टाकली. ते मागे खुर्चीत बसले, टायर कुठून मिळतील त्याचा हिशेब करत. आणि मी पाठमोरी बोलायला लागले. सवयच ती. म्हटलं, मी सांगितलं त्यांना. सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं. तुमची नोकरी मी घालवली, तिने नाही, सुपरवायझरने नाही, मी. माझ्या ह्या जळक्या तोंडाने. मला माफ करा. असं बरंच. रडत होते, पण भाजी ढवळत होते. मागे ह्यांचं चालूच होतं, पंक्चरवाल्याकडे जुने टायर असतात म्हणून.

सांगून झालं होतं आणि सांगितलंही नव्हतं. असं किती दिवस चालणार? सोमवारी ते टायर घेऊन गेटवर गेले असते आणि गेटवरच्या माणसाने त्यांना हाताने खूण करून हाकललं असतं.

मी शेगडी बंद केली. तोंड पुसलं. त्यांच्या दंडावर तीन टिचक्या मारल्या. ते वळले. मी दुसरी खुर्ची ओढली, दिव्याखाली त्यांच्यासमोर बसले आणि सावकाश सांगितलं. तुम्ही पानं गोळा करत होतात तेव्हा मी त्यांना सांगितलं. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून. आता जायचं नाही.

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. हसू अजून चेहऱ्यावरून गेलं नव्हतं.

"परत सांग," ते म्हणाले.

मी परत सांगितलं. तेच शब्द, तितकेच सावकाश.

मग मला माफ करा म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.